भिजत घोंगडं

"काय गं, ते कोपऱ्यावरचं पिल्लू बाहीत शिरून फिरतंय. ती बाही मला ओळखीची वाटतेय."

काकूंची नजर म्हणजे नजर. मोतीबिंदू काढल्यापासून तर पलीकडच्या गल्लीत कुणी पडदे बदलले तरी त्यांना इथून कळतं. फुलांची परडी भिंतीवर ठेवून, जास्वंदीची फांदी एका हाताने वाकवत त्यांनी विचारलं आणि मी गॅसवरचा चहा विसरून भिंतीला टेकले. आमच्या दोन बंगल्यांमधली ही भिंत छातीएवढी आहे. बांधणाऱ्याने बोलायला बरी पडावी म्हणूनच तेवढी ठेवली असणार.

ओळखीची वाटणारच काकू. बाटलीहिरवी. २००९ च्या थंडीत ह्यांच्यासाठी घातलेला स्वेटर तो. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली. दुसरीचे टाके उद्या सुईवर घालू म्हणून पिशवीत ठेवला, तो ठेवलाच. तुम्हीच नाही का दर दिवाळीच्या आवराआवरीत विचारायचात, झाली का गं दुसरी बाही?

"विचारायचे. मग तूच एकदा तोंड पाडून बसलीस म्हणून सोडलं. पण दोन दिवस होतीस कुठे? गॅलरीतला दिवा लागला नाही. मला वाटलं माहेरी गेलीस."

माहेरी कशाला, मेणवलीला गेले होते. वाईच्या पुढे, कृष्णेकाठी. आमच्या विणकामाच्या कंपूतले बारा जण. अकरा बायका आणि एक काका. शनिवारी पहाटे निघालो, खंबाटकीचा घाट उतरून पुढे गेलो तरी सूर्य वर आला नव्हता. एकीच्या सासऱ्यांचं जुनं घर आहे तिथे. ओटी, माजघर, मागे पडवी. माणशी दोन हजार काढले, स्वयंपाकाला गावातल्या दोघी होत्या.

"म्हणजे विणायला गेलात? इथे घरात सुया नव्हत्या?"

सुया होत्या हो. पण घरात विणणं म्हणजे कसं, माहितीये ना? दोन ओळी झाल्या की दूधवाला. चौथ्या ओळीला ह्यांचा चष्मा सापडत नाही. आणि नुसतं विणत बसलेली बाई दिसली की सगळ्या जगाला वाटतं ही रिकामी आहे. तिथे बारा जण हात चालवत बसलेले, कुणी कुणाला काही मागत नाही. जेवायला काय करायचं, हे दोन दिवस मला कुणी विचारलं नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असे सलग दोन दिवस मला आठवत नाहीत.

अट मात्र एकच होती. नवी लोकर आणायची नाही. घरात जे भिजत घोंगडं पडलंय तेच घेऊन यायचं.

आणि काय एकेकीची घोंगडी निघाली म्हणून सांगू! आमच्या त्या बँकेतल्या ताई, हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत त्या, त्यांनी तीन पिशव्या काढल्या. एकीत टोपी, कानापर्यंत आलेली. ज्या भाच्याच्या बारशाला घेतली होती तो आता इंजिनिअरिंगला आहे. दुसरीने आजेसासूबाईंची वाकळ आणली होती. नऊवारीचे थर, अर्ध्यापर्यंत धावदोरा घातलेला आणि सुई तशीच कापडात टोचलेली. गंजून घट्ट बसली होती ती. काढताना कापड फाटेल म्हणून तिने सुई तशीच ठेवली आणि तिच्या शेजारून नवा दोरा सुरू केला.

आणि क्रोशाची चादर. तुम्हाला सांगायलाच हवं हे. आमच्यातली एक, मुलगी अमेरिकेत असते तिची, मोबाइलवर बघून चादर करायला बसली. साठ चौकोन करून झाल्यावर लक्षात आलं की चित्रातल्या चादरीपेक्षा आपली भलतीच उंच आणि भोकाभोकांची होतेय. घोळ असा की अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये टाक्यांची नावं वेगळी. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकन बाई सिंगल क्रोशे म्हणते आणि इंग्रज बाई डबल क्रोशे. हिने नमुना घेतला इंग्लंडचा आणि पुस्तक काढलं अमेरिकेचं. त्यामुळे डबल म्हटलं की मुका खांब हवा, तिथे हिचा उंच खांब. आपल्याकडे बरं आहे. साखळी म्हणजे साखळी, खांब म्हणजे खांब, मुका तो मुका.

"पण ती चादर उसवली का मग?"

छे हो. साठ चौकोन कोण उसवतंय? खिडकीला पडदा करणार म्हणाली. भोकं आहेतच, वारा येईल.

काकांचं सांगायचं राहिलं. इचलकरंजीचे ते. तिकडे पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, आणि काकांच्या घरात तीन पिढ्या त्याच धंद्यात. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढली, आता मुलाकडे पुण्यात असतात. म्हणाले, बिनआवाजाचं काम हवं होतं म्हणून क्रोशाची सुई धरली. पण कानाचं व्हायचं ते झालेलं. त्यामुळे पडवीत सगळ्या शांत, सुयांचा तेवढा टिकटिक आवाज, आणि मध्येच काका ओरडतात, "ताई, तुमचा एक खांब सुटला!" की अकराजणींचे अकरा टाके सुटतात. हात मात्र असा की बघत राहावं. क्रोशाचं अजून मशीन निघालेलं नाही, म्हणाले. स्वेटर मशीनवर होतो, लेस होते, पण खरा क्रोशा हातानेच. माणसाने मागावर आयुष्य घालवून शेवटी असं काम धरावं जे मागाला येत नाही, याची मला मोठी गंमत वाटली.

तर शनिवारी दुपारी जेवणं झाली. बाजरीची भाकरी, भरीत, ओल्या हळदीचं लोणचं. वाईकडे हळद पिकते ना भरपूर. मग उन्हं कलल्यावर सुया घेऊन सगळे घाटावर. मेणवलीचा घाट तुम्ही पाहिलात का? नाना फडणीसांचा वाडा आहे तिथे, आणि त्याच्या मागून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. देवळापाशी ती मोठी पोर्तुगीज घंटा, वसईच्या मोहिमेतून आणलेली. 'स्वदेस' सिनेमात हाच घाट आहे. गर्दी नव्हती. आम्ही पायऱ्यांवर ओळीने बसलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल कसलं तरी व्रत आहे.

मी स्वेटर उलगडून मांडीवर घेतला. शेजारी त्या नर्स असलेल्या ताई बसल्या होत्या. बोलत नाहीत फारशा. त्यांनी पाठीचा भाग हातात घेतला, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे काय झालं होतं गं?"

मला आधी कळेना. मग पाहिलं. बगलेच्या खाली चार बोटं जागा सोडून सात-आठ ओळी अशा काही घट्ट की कापड तिथे आत ओढलं गेलंय. हात घट्ट, हात सैल, आपण म्हणतोच. पण एकाच बाईचा हात एकाच स्वेटरात असा बदललेला मी पहिल्यांदा पाहिला. आणि आठवलंच लगेच. सासूबाई दवाखान्यात होत्या त्या आठवड्याच्या ओळी त्या. बाहेरच्या बाकावर बसून विणलेल्या.

काकू गप्प झाल्या. सासूबाईंच्या त्या आठवड्यात आमच्या घरी पोळीभाजीचा डबा ह्याच भिंतीवरून यायचा.

बरं, ते असू दे. पुढे काय झालं ऐका. आम्ही तिथे बसलेल्या, तर खालच्या अंगाला पाण्यावर एक धनगरीण आली, कळशी घेऊन. तिकडे दिवाळीनंतर माणदेशातली मेंढरं येतात. घोड्यावर बिऱ्हाड, बरोबर कुत्री, कोंबड्यासुद्धा. शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात, खत होतं म्हणून. त्याचं धान्य नाहीतर पैसे द्यायचे अशी पद्धत. तर ती बाई कळशी ठेवून आमच्याकडे बघत उभी राहिली. मग सरळ वर आली, माझ्या मांडीवरचा स्वेटर दोन बोटांत चुरला आणि म्हणाली, "ह्ये कुठल्या मेंढीचं?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, लुधियानाच्या.

ती हसली नाही. पुन्हा चुरलं, नाकाशी नेलं. म्हणाली, "मेंढीचा वास न्हाई ह्येला." आणि गेली कळशी घेऊन.

झालं! काका सावरून बसले. म्हणाले, रात्री बघू.

रात्री पडवीत मेणबत्ती लावली. एक ताटली, एक चिमटा, वाटीभर पाणी. प्रत्येकीने आपल्या कामातून बोटभर धागा कापून द्यायचा. काका तो चिमट्यात धरून ज्योतीच्या कडेला नेणार. खरी लोकर असली तर ती धडधडून पेटत नाही. करपते, आवळते, केस जळल्याचा वास येतो, आणि राख बोटांत चुरली की भुकटी. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच. आणि ॲक्रेलिक असलं तर वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. तो चुरत नाही.

पहिला बँकेच्या ताईंचा. मणी. टोपीचा दुसरा धागा, मणी. वाकळेचा दोरा कागदासारखा जळला, तो सुतीच होता. असं करत माझी पाळी आली. माझ्या मनात धाकधूक नव्हती काकू, कारण हा स्वेटर मी साध्या लोकरीचा घातलाच नव्हता. दुकानाचं नाव घेत नाही. पण त्या माणसाने लडी समोर टाकून, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, वहिनी, शुद्ध आहे. इतर लड्यांच्या तिप्पट पैसे मोजले होते मी.

ज्योतीला धागा लागला. ठिबकला. ताटलीत टिक् असा आवाज झाला.

मणी.

"अगं बाई! म्हणजे प्लास्टिकच?"

प्लास्टिकच म्हणायचं. खनिज तेलापासून करतात ते. वाईट त्याचं नाही वाटलं. ॲक्रेलिक काही पाप नाही, आपल्या मुलांची सगळी बाळपणं कॅशमिलॉनमध्येच गेली. धुवायला सोपं, टोचत नाही, स्वस्त. पण काकू, पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी त्या पिशवीत डांबरगोळ्या घालतेय. दर पावसाळा संपला की उन्हात वाळवतेय. कसर लागू नये म्हणून! आणि कसर ॲक्रेलिकला लागतच नाही. तिच्या अळीला केस लागतो, लोकर, पीस, रेशीम असलं काही. माझी अख्खी पिशवी तिच्यापुढे ठेवली असती तरी ती उपाशी मेली असती.

काकूंना हसू आवरेना. परडी कलंडली, दोन फुलं आमच्या बाजूला पडली.

हसा. तिथेही सगळ्या अशाच हसल्या. आणि गंमत म्हणजे त्या नर्सताई. त्यांच्या शालीला चार ठिकाणी भोकं होती, कसर लागलेली, म्हणून त्या दिवसभर ती शाल पदराखाली झाकून विणत होत्या. त्यांचा धागा ज्योतीला लावला तर केस जळल्याचा घाण वास सुटला पडवीभर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारा जणांत एकीची खरी निघाली, आणि ती भोकांवरून आधीच ओळखता आली असती.

"मग तुम्ही लोकर म्हणता ती..."

आपण लोकर म्हणतो ती बहुतेक नाव लोकर. दुकानात जाऊन आपण लोकरीचा गुंडा द्या म्हणतो, तो देतो, त्याचीही काही चूक नाही. शब्द मागे राहिला आणि वस्तू बदलली.

रविवारी सकाळी आम्ही चौघी आणि काका त्या धनगरिणीच्या वाड्यावर गेलो. जाळ्याच्या वाघरीत मेंढरं कोंबून बसवलेली, अंगावर दव. काळी दख्खनी. मध्ये चार-पाच उंच, पांढरी, पोपटासारख्या नाकाची. ती जतकडची माडग्याळ. मटणाला चांगली, अंगावर लोकर मात्र नावालाच. बाई म्हणाली, "आता सगळी हीच ठिवायला बघत्यात. लोकर कोन घेतंय? वर्साला दोनदा कातरायचं, कातरणाऱ्याचं पैसं आपुन द्यायचं, आन लोकर बांधावर टाकायची." मी म्हटलं, आणि घोंगडी? तर म्हणाली, "इनत्यात की म्हसवडाकडं सणगर. पर नवी पोरं चायनाचं ब्लँकेट घेत्यात. मऊ लागतंय."

मऊ लागतं हे खरंच आहे. ती परदेशी मेरिनो मेंढी, तिचा केस साधारण वीस मायक्रॉन. आपल्या दख्खनीचा त्याच्या दीडपट-दुप्पट जाड. अंगाला घातला तर टोचणारच. पण रानात पावसात उभं राहायला टोचलं तरी चालतं. बाईचा म्हातारा सासरा तिथे बसला होता, डोक्यावर घोंगड्याची खोळ करून. मी त्या घोंगड्याला हात लावला. बाहेरून दवाने ओलं, आणि आतून हात घातला तर कोरडं आणि चक्क गरम. काका म्हणाले, लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी पिते आणि तरी ओली लागत नाही. वर पाणी पिताना थोडी ऊबही सोडते. विणायच्या आधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्याने धागा कडक होतो, तुटत नाही. आमच्या सायझिंगमध्ये स्टार्च लावायचे तेच काम, म्हणाले, फक्त इथे चिंचोके.

तेव्हा मला ती आपली म्हण नव्याने कळली. घोंगडं भिजायलाच वेळ लागतो, आणि एकदा पुरतं भिजलं की उचलवत नाही इतकं जड, आणि वाळता वाळत नाही. भिजत घोंगडं म्हणणाऱ्याने कधीतरी दोरीवरचं घोंगडं रोज जाऊन चाचपलं असणार.

बाईने आम्हाला पाटीभर लोकर दिली. पैसे घेईना. म्हणाली, टाकूनच द्यायची हाय. मग काकांनी बळेच शंभराची नोट तिच्या नातवाच्या खिशात घातली.

आणि काकू, ती लोकर घेऊन पडवीत आल्यावर जी काही धमाल झाली! काळीभोर, काटेकुटे भरलेली, हाताला मेणचट. तासभर नुसतं निवडत बसलो, जसे तांदूळ निवडतो. मग दोन जुन्या फण्या घेऊन काकांनी ती विंचरली. एकीने तिच्या आजोबांचा पेटीचरखा आणला होता. तोच तो, दोन चाकांचा, पेटीत मिटणारा. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हाचा तो नमुना, १९३० च्या सुमाराचा. येरवडा चक्रच म्हणायचे त्याला. म्हणजे तुमच्या-आमच्या गावचाच की तो! पण तो कापसासाठी. ही दांडगी लोकर त्याच्या चातीवर चढेना. माळ सारखी निसटायची. शेवटी काकांनी पेन्सिलीला बटाट्याची चकती खोचून टकळी केली.

"बटाट्याची?"

बटाट्याची. आणि त्या बटाट्याच्या टकळीवर मी सूत कातलं. म्हणजे प्रयत्न केला. डाव्या हातात लोकर, उजव्या हाताने गिरकी द्यायची, लोकर सोडत जायची. जास्त सोडली की दोर होतो, कमी सोडली की तुटतो आणि बटाटा पायावर पडतो. काकांनी सांगितलं, लोकरीच्या केसाला माशासारखे खवले असतात, पीळ बसला की एकमेकांत अडकतात, म्हणून तो धरून राहतो. तू फक्त घाई करू नको. घाई न करणं कसं जमतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन तासांत चार-पाच हात धागा निघाला. गाठाळ, कुठे सुतळीएवढा तर कुठे दोऱ्याएवढा. हाताची बोटं मात्र अशी मऊ झाली काकू, लोकरीतल्या त्या मेणाने, की संध्याकाळी भांडं हातातून सटकलं.

"पेळू कसा धरत होतीस?"

पेळू?

काकूंनी जास्वंदीची फांदी सोडली. ती सटकन वर गेली. मग त्यांनी डावा हात उंच धरला, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये नसलेला पेळू पकडून, आणि उजव्या हाताने मांडीशी अशी एक झटक्याची चुटकी वाजवली की मला हवेत टकळी फिरताना दिसली. हात हळूहळू वर चढत गेला, खांद्याच्या वर, मग थांबला, आणि सूत टकळीवर गुंडाळायला खाली आला. कोपर कुठे थांबायचं ते त्या कोपराला माहीत होतं.

"मूलोद्योग होता आम्हाला," काकू म्हणाल्या. "जीवन शिक्षण शाळा ना कराडकडची आमची. रोज तास असायचा कताईचा. परीक्षा पण. पितळी चकतीची टकळी. गुरुजी सूत डोळ्याशी धरून बघायचे, गाठ दिसली की छडी. आणि आमचे आजोबा तर म्हणायचे, बेळगावला गांधी अध्यक्ष झाले त्या सालापासून काँग्रेसचं सभासद व्हायला वर्गणी सुताची होती, महिन्याला दोन हजार वार. आजोबांनी आजीकडून कातून घ्यायचं आणि आपल्या नावावर द्यायचं."

दोन हजार वार! मी चार हात काढले तर माझा खांदा अजून दुखतोय.

"आजीचा कुणी विचारला नाही," काकू म्हणाल्या, आणि परडीतली पडलेली फुलं मागितली.

बरं, बाहीचं राहिलं. रविवारी दुपारी मी तो स्वेटर उसवायला घेतला. पाठ उसवली. त्या घट्ट ओळी आल्या तेव्हा धागा अडकत होता, एकेक टाका नखाने सोडवला. पुढचे भाग उसवले. खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळत गेलो, चौघींनी मिळून. खरी लोकर असती तर धुऊन वजन लावून टांगली की वळ्या जातात. ही नाटकी, वळ्या तशाच राहिल्या, शेवयांसारख्या. काका म्हणाले वाफ देऊ नका फार, ॲक्रेलिक वाफेने मरतं, लोळागोळा होतं. राहू दे म्हटलं शेवया. शेवयांचीच बसकरं करीन.

बाही मात्र उसववेना. ती पुरी झालेली होती ना. एकटीच, पण पुरी. मनगटाची पट्टी दोन सुलट दोन उलट, अगदी तुम्ही शिकवलेली. ती घेऊन आले. रात्री दारात ते पिल्लू कुडकुडत बसलेलं. बाहीच्या पोटात दोन ठिकाणी टाके सोडवून पायांपुरती भोकं केली आणि कडा क्रोशाने बांधून घेतल्या, नाहीतर भराभरा सुटत गेलं असतं. मनगटाची पट्टी बरोबर मानेला बसली. पंधरा वर्षं ज्या माणसासाठी ठेवली त्याला दाखवलं, तर म्हणतात, रंग चांगला होता गं, मला का नाही पुरा केलास?

"आणि तू काय म्हणालीस?"

काय म्हणणार? चहा ओता म्हटलं. चहावरून आठवलं, काकू, आमचा चहा उतू गेलेला दिसतोय, वास आला.

"जा जा. पण ऐक. माझी टकळी आहे अजून. पितळी. ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली. आणि त्या शालूला..." काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "त्या शालूला गेल्या वर्षी कसर लागलीय. मी कुणाला बोलले नाही."

म्हणजे शालू खरा रेशमी काकू! मी भिंतीवरूनच टाळी मागितली. त्यांनी दिली.

शनिवारी चार वाजता आमच्या ओट्यावर बसतोय आम्ही. काका येणार आहेत, मोठ्याने बोलावं लागेल. पाटीतली उरलेली लोकर धुऊन वाळत घातलीय गच्चीवर. टकळी घेऊन या, बटाट्याच्या टकळीवर माझं काही होणार नाही. आणि गुरुजी गाठ दिसल्यावर काय करायचे ते तेवढं काकांसमोर सांगू नका.